कॅमेरा होता, मग रेकॉर्डिंग कुठं गेलं?

हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे द्या. आज मी कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे. दारावर, गोठ्यावर, दुकानात लावतात तो कॅमेरा, ज्याला आपण सरसकट सीसीटीव्ही म्हणतो. आता आपल्या गावातही बऱ्याच घरांवर तो दिसतो. बचत गटांनी आपल्या खोलीवर, गिरणीवर, शेळ्यांच्या शेडवर लावलेला असतो. लावताना दुकानातला पोरगा मोबाईलमध्ये चित्र दाखवतो, आपण खूश होतो आणि पैसे देऊन मोकळ्या होतो. पण ज्या दिवशी खरंच काही घडतं, त्या दिवशी बघायला जावं तर रेकॉर्डिंगच नसतं. असं का होतं, आणि होऊ नये म्हणून काय करायचं, ते आज सांगते.

मी काही मेकॅनिक नाही. दहावी झालेली बाई आहे, गटाचं वही-हिशोबाचं काम बघते. पण आमच्यावर एक प्रसंग आला आणि त्यातून हे सगळं शिकावं लागलं. तो प्रसंग आधी ऐका.

आमचा हळदीचा भाग. फाल्गुन-चैत्रात हळद काढायची, शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची. आमचा गट ती हळद दळून पावडर विकतो. माल ठेवायला एक खोली भाड्यानं घेतली आणि तिच्या दारावर एक छोटा वायफायचा कॅमेरा लावला. त्यात नखाएवढं मेमरी कार्ड. किल्ली आमच्यातल्या एका मावशींकडे. एकट्या राहतात, खोलीच्या जवळच घर, म्हणून त्यांच्याकडे.

एके दिवशी सकाळी खोली उघडली तर तीन पोती कमी. दीड क्विंटल हळद! कुलूप जसंच्या तसं. ना तुटलेलं, ना वाकलेलं. समोरच्या आजोबांनी सांगितलं, रात्री दोनच्या सुमाराला टेम्पोचा आवाज आला होता. मग आम्ही कॅमेरा बघायला घेतला. एकीच्या भाच्यानं मोबाईलवर रात्री बारापासून चारपर्यंतचं सगळं चाळलं. काहीच नाही. तो म्हणाला, "मामी, या वेळेत कॅमेरा बंद होता. कुणीतरी बंद केला असणार."

झालं. कुलूप शाबूत, किल्ली मावशींकडे, कॅमेऱ्याचं बटणही आतच. कुणी तोंडानं बोललं नाही, पण सगळ्यांचे डोळे तिकडेच गेले. दुसऱ्या दिवशी बैठकीत मावशींनी किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "आता ही मला नको माय." मी ती उचलली. "राहू द्या मावशी" असं माझ्या तोंडून निघालं नाही. ते मला आजही डाचतं.

तीन दिवसांनी रात्री झोप येईना म्हणून मी मोबाईल घेऊन बसले आणि कुठलीही क्लिप उघडून बघू लागले. एका क्लिपमध्ये आम्हीच दिसलो, सकाळी खोली उघडताना. आम्ही रोज नऊला उघडतो. पण चित्राच्या कोपऱ्यात वेळ होती साडेअकरा! दुसरी उघडली. दिवेलागणीला साडेसहाला आम्ही कुलूप लावतो, त्यात वेळ होती नऊ. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ अडीच तास पुढं होतं. मग रात्रीचे दोन म्हणजे कॅमेऱ्यात किती? साडेचार. आणि आम्ही चारलाच थांबलो होतो.

साडेचारची क्लिप उघडली. टेम्पो मागं मागं येतोय. दोन माणसं उतरली, तोंडाला फडकी. कुलपाला हात लावला नाही. कोयंड्याचे स्क्रू काढले, पोती नेली, आणि जाताना स्क्रू पुन्हा बसवून गेली. कॅमेरा चालूच होता, बायांनो. आम्हालाच बघता आलं नाही.

नंतर कळलं की पुष्कळसे स्वस्त कॅमेरे चीनमध्ये बनतात, आणि त्यात सुरुवातीला चीनची वेळ लावलेली असू शकते. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर अडीच तास पुढं. दुकानातल्या पोरानं ती बदललीच नव्हती.

म्हणून पहिली गोष्ट: घड्याळ बघा. आज घरी गेलात की कॅमेऱ्याच्या चित्रातली वेळ आणि तुमच्या मोबाईलची वेळ शेजारी शेजारी धरून बघा. फरक असेल तर ॲपच्या सेटिंगमध्ये टाइम झोन म्हणून पर्याय असतो, तिथे भारताची वेळ निवडा. ती जीएमटी अधिक साडेपाच तास अशी लिहिलेली असते. तारीखही बघा. लाइट जाऊन आली आणि इंटरनेट नसलं, तर काही कॅमेऱ्यांचं घड्याळ पार मागं जातं, सन 1970 किंवा 2000 दाखवतं. मग आजचं रेकॉर्डिंग त्या जुन्या तारखेखाली जाऊन बसतं आणि आपण आजच्या तारखेत शोधत राहतो. मोठ्या डब्याचा डीव्हीआर असेल तर त्याच्या आत घड्याळासाठी नाण्यासारखा छोटा सेल असतो. तो संपला की प्रत्येक वेळी लाइट गेल्यावर तारीख चुकते. सेल स्वस्तात मिळतो, पण बदलताना डब्याचा प्लग काढलेला हवा आणि काम माहितगाराकडून करून घ्यावं.

दुसरी गोष्ट लाइट. वीज नाही तर कॅमेरा नाही, हे कुणालाही कळतं. पण एक खोड अशी आहे की दिवसा कॅमेरा नीट चालतो आणि रात्रीच बंद पडतो. का? अंधार झाला की कॅमेऱ्यातले न दिसणारे दिवे लागतात, इन्फ्रारेड म्हणतात त्याला. त्यांना जास्त करंट लागतो. ॲडॉप्टर हलका असेल, वायर लांब आणि बारीक असेल, किंवा संध्याकाळी गावात व्होल्टेज पडत असेल, तर कॅमेरा बंद होतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद होतो. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये रात्रीच तुकडे पडत असतील तर आधी ॲडॉप्टरवर संशय घ्या. कॅमेऱ्यासोबत आलेलाच ॲडॉप्टर वापरा, मोबाईलचा जुना चार्जर लावू नका. लोडशेडिंग असेल तर राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस उपयोगी पडतो. मात्र घेताना व्होल्ट जुळवून घ्या. बरेच छोटे कॅमेरे पाच व्होल्टवर चालतात, राउटर बहुतेक बारा व्होल्टवर. पाचच्या कॅमेऱ्याला बाराची पिन लावली तर तो जळतो. कॅमेऱ्याच्या पाठीवर किंवा ॲडॉप्टरवर आकडा छापलेला असतो, तो वाचूनच घ्या.

तिसरी गोष्ट कार्ड. कार्ड म्हणजे आपला रांजण. भरला की नवीन पाणी ओतताना जुनं सांडणारच. कॅमेराही तसंच करतो, जागा संपली की सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन लिहितो. हिशोब सांगते. कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दरानं सतत रेकॉर्ड करत असेल, तर तासाला साधारण 900 एमबी होतात, म्हणजे दिवसाला 21 ते 22 जीबी. मग 64 जीबीच्या कार्डात तीन दिवससुद्धा पुरते बसत नाहीत. चोरी सोमवारी झाली आणि तुम्ही शुक्रवारी बघायला गेलात, तर ते पुसलं गेलेलं असणार. आमचा कॅमेरा हालचाल झाली तरच रेकॉर्ड करणारा होता, म्हणून तीन दिवसांनीही ती क्लिप राहिली. नाहीतर मावशींची बाजू सांगणारं काहीच उरलं नसतं.

कार्ड खराबही होतं. त्यावर रात्रंदिवस लिहिणं चालू असतं, त्यामुळे ते झिजतं. कधीकधी झिजलेलं कार्ड नवीन काही घेतच नाही, जुनंच दाखवत बसतं. बाजारात नकली कार्डंही असतात, वर 128 लिहिलेलं आणि आत जागा आठची. कॅमेऱ्यासाठी कार्ड घेताना 'हाय एन्ड्युरन्स' असं छापलेलं मागा, ते सतत लिहिण्यासाठीच बनवलेलं असतं. आणि कॅमेरा किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो, ते त्याच्या खोक्यावर वाचा. नवीन कार्ड कॅमेऱ्यात घातल्यावर ॲपमधूनच एकदा फॉरमॅट करा. पण लक्षात ठेवा, फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं. काही घडल्यानंतर कुणी म्हणालं "फॉरमॅट करून बघू", तर त्याचा हात धरा.

डीव्हीआर असेल तर त्यात हार्डडिस्क असते. डबा टीं-टीं वाजत असेल तर तो डिस्क बिघडल्याचा इशारा असू शकतो. कटकट नको म्हणून आपण तो आवाजच बंद करून टाकतो. लेकरू रडतंय म्हणून दार लावून घेण्यातला हा प्रकार आहे.

चौथी गोष्ट, कॅमेऱ्याला आपण काय सांगून ठेवलंय? रेकॉर्डिंग दोन तऱ्हांचं असतं. एक सतत, दुसरं हालचाल झाली तरच. त्याशिवाय वेळापत्रकही लावता येतं, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत. हे तिन्ही पर्याय उघडून बघा. एका गटाच्या दुकानात कॅमेरा सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच रेकॉर्ड करत होता. रात्र त्यांनी कधी सांगितलीच नव्हती.

हालचालीवर लावला असेल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे किती हलक्या हालचालीला जाग यायची, हे ठरवता येतं. आमच्या खोलीसमोर लिंबाची फांदी आहे. वाऱ्यानं ती हलली की रात्रभर मोबाईल टिंग टिंग वाजायचा. वैतागून कुणीतरी सेन्सिटिव्हिटी अगदी कमी केली. मोबाईल शांत झाला, पण कॅमेराही मंद झाला. त्या रात्रीच्या आमच्याकडे तीनच छोट्या क्लिपा आहेत, मधला भाग नाही. टेम्पोचा नंबर त्या मधल्या भागात राहिला. खरा उपाय असा की चित्रातला कुठला भाग बघायचा ते बोटानं आखून देता येतं. फांदी वगळायची, दार ठेवायचं. फक्त माणूस दिसला तरच रेकॉर्ड कर, असा पर्यायही असतो. पण डोक्यावर पोतं घेतलेला, वाकून चाललेला, घोंगडी पांघरलेला माणूस कधीकधी कॅमेऱ्याला माणूस वाटतच नाही. मौल्यवान माल असेल आणि वीज टिकत असेल, तर रात्री सतत रेकॉर्डिंगच ठेवा. त्यासाठी मोठं कार्ड लागेल, तो खर्च करा.

शेतात सोलरवर चालणारे बिनतारी कॅमेरे लावतात, त्यांची गोष्ट थोडी वेगळी. बॅटरी वाचवायला ते झोपून राहतात आणि अंगाच्या उष्णतेची हालचाल जाणवली की जागे होतात. जागं व्हायला क्षणभर लागतो, थोडं रेकॉर्ड करून पुन्हा झोपतात. आपल्याकडे वैशाखात बाहेरचं सगळंच अंगाइतकं तापलेलं असतं, मग माणसाची ऊब त्यांना वेगळी कळत नाही. शिवाय माणूस समोरून सरळ चालत आला तर ते उशिरा ओळखतात, आडवा गेला तर लवकर. म्हणून असा कॅमेरा वाटेच्या तोंडावर सरळ न रोखता, माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल असा लावा. पॅनेलवरची धूळही पुसत जा, नाहीतर बॅटरी भरतच नाही.

पाचवी गोष्ट इंटरनेट. पुष्कळ जणींना वाटतं की नेट गेलं की रेकॉर्डिंग गेलं. कार्डावर रेकॉर्ड होत असेल तर नेट नसतानाही बहुतेक कॅमेऱ्यांत ते चालू राहतं, फक्त घरबसल्या मोबाईलवर दिसत नाही. पण रेकॉर्डिंग क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या दूरच्या साठ्यात जात असेल, तर नेट लागतंच आणि वर्गणीही भरावी लागते. वर्गणी संपली की साठवणं थांबतं, आणि थेट चित्र मात्र दिसत राहतं. सिमकार्डवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचं रिचार्ज कुणी करायचं, हेही गटात ठरलेलं हवं.

सहावी गोष्ट अगदी साधी. काच पुसा. कॅमेऱ्याच्या दिव्याची ऊब आणि उजेड, त्यामुळे तिथे कोळी जाळं करतो. रात्री ते जाळं पांढरं फटक दिसतं आणि मागचं काही दिसत नाही. पाखरं घिरट्या घालतात, त्यांच्याच हजार क्लिपा बनतात आणि कार्ड भरतं. आठवड्यातून एकदा मऊ फडक्यानं पुसायचं. आणि खिडकीच्या काचेआडून कॅमेरा बाहेर रोखू नका, रात्री त्याचाच उजेड काचेवर परततो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईलवर थेट चित्र दिसतंय म्हणजे रेकॉर्डिंग होतंय, असं समजू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड मेलेलं असलं तरी थेट चित्र छान दिसतं. आम्ही वर्षभर थेट चित्रच बघत होतो. म्हणून आता बाजाराच्या दिवशी आमची एक पाळी ठरलेली आहे. दोघी जातात. एक कॅमेऱ्यासमोरून चालते, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. दुसरी मोबाईलमध्ये जुनं रेकॉर्डिंग उघडून तीच चाल शोधते. सापडली का, वेळ बरोबर आहे का, सगळ्यात जुनी क्लिप किती दिवसांपूर्वीची आहे, या तीन गोष्टी वहीत लिहून सही करायची. दहा मिनिटांचं काम आहे.

काही घडलंच तर काय करायचं, तेही ऐकून ठेवा. पहिल्यांदा ती क्लिप मोबाईलमध्ये उतरवून घ्या. पुढची-मागची अर्ध्या तासाचीही घ्या. मग कॅमेरा बंद करा, म्हणजे जुन्यावर नवीन लिहिलं जाणार नाही. चालू कॅमेऱ्यातून कार्ड ओढू नका, आधी वीज बंद करा. कॅमेऱ्याची वेळ आणि खरी वेळ यात फरक असेल तर तो कागदावर लिहून ठेवा. क्लिप कापू नका, तिच्यावर काही लिहू नका, आणि गावाच्या ग्रुपवर टाकू नका. कार्ड पाकिटात घालून जपा, पोलिसांना दाखवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कसं द्यायचं ते पोलीस ठाण्यात विचारा.

आणि एक बोलल्याशिवाय राहवत नाही. कॅमेरा दारावर ठेवा, शेजारणीच्या अंगणावर नको. आपल्याकडे न्हाणीघर पुष्कळदा परसात असतं. बाईचं अंघोळीचं, कपडे बदलतानाचं चित्र तिच्या नकळत बघणं किंवा घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. कॅमेरा रोखताना त्याच्या चित्रात काय काय येतंय, ते शेजारणीला बोलावून दाखवा. दुकानदारानं लावून दिलेला पासवर्डही त्याच दिवशी बदला, नाहीतर आपलं घर दुसराच कुणी बघत बसेल. कॅमेरा चोरासाठी आहे, घरातली सून किती वेळा बाहेर गेली ते मोजायला नाही.

आमची हळद काही परत मिळाली नाही. नंबर दिसला नाही, तोंडं दिसली नाहीत. पोलिसांत तक्रार दिलेली आहे. पण ती क्लिप मी दुसऱ्या दिवशी सगळ्या बैठकीला दाखवली, आणि मग मावशींच्या घरी जाऊन त्यांनाही दाखवली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मशीन चुकलं हे बरं झालं बाई. तुम्ही चुकल्या असत्या तर मी कुठं गेले असते?" मी त्यांना सांगितलं, "मावशी, आम्हीही चुकलो." आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. आज ती त्यांच्याकडेच आहे. कोयंड्याला आता आरपार बोल्ट बसवलेत, आत नट, बाहेरून निघत नाहीत.

तर मैत्रिणींनो, आज कामं उरकली की कॅमेऱ्यासमोरून एकदा चालून या, आणि मग मोबाईलमध्ये स्वतःला शोधा. सापडलात तर बरंच आहे. नाही सापडलात, तर काहीतरी घडण्याआधी कळलं, हेही बरंच झालं.